पांढऱ्या छायेची नावे : जबड्यातील घन अस्थीच्या नामकरणाचा इतिहास

दंतवैद्याने घेतलेल्या क्ष-किरणचित्रात खालच्या जबड्याच्या दाढांच्या किंवा उपदाढांच्या मुळांशी कधी कधी एक पांढरा डाग आढळतो. तो मुगाएवढा असेल, वाटाण्याएवढा असेल, किंवा दोन मुळांमधली सारी जागा व्यापून राहिलेला असेल. दात दुखत नसतो, हिरडी सुजलेली नसते, हाडाला बाहेरून फुगवटा नसतो. ज्याच्या जबड्यात तो डाग असतो त्याला त्याचा पत्ताही नसतो. दुसऱ्याच एखाद्या दातासाठी चित्र घ्यावे लागले म्हणून तो दृष्टोत्पत्तीस येतो. निरनिराळ्या देशांत झालेल्या पाहण्यांतून शंभरांत सुमारे तीन ते दहा माणसांच्या जबड्यांत असे डाग आढळले आहेत. इतक्या सामान्य आणि बहुधा निरुपद्रवी वस्तूला वैद्यकाने गेल्या शतकात डझनभर नावे दिली. कंडेन्सिंग ऑस्टायटिस, स्क्लेरोझिंग ऑस्टिओमायलायटिस, बोन स्कार, एनॉस्टोसिस, डेन्स बोन आयलंड, इडिओपॅथिक ऑस्टिओस्क्लेरोसिस ही त्यांतील काही होत. ही नावे परस्परांना पर्याय म्हणून दीर्घकाळ वापरली गेली असली तरी ती समानार्थी नाहीत. प्रत्येक नाव वरकरणी वर्णन करते आणि आतून कारणाविषयी एक विधान करते. ‘दाह’ म्हटले की शत्रू गृहीत धरला जातो, ‘व्रण’ म्हटले की पूर्वीची जखम, ‘अर्बुद’ म्हटले की वाढ. ‘बेट’ म्हणणारा मात्र स्थळ सांगून गप्प बसतो. त्यातले कोणते विधान मान्य करावयाचे यावर रोग्याचा दात राहतो की जातो हे अवलंबून असल्यामुळे या नामावळीचा इतिहास भाषाभ्यासकानेही पाहण्याजोगा आहे.

प्रथम ‘छाया’ या शब्दाचाच विचार करणे योग्य होईल. विल्हेल्म राँटगेन यांना व्युर्त्सबुर्ग येथे ८ नोव्हेंबर १८९५ रोजी या अदृश्य किरणांचा सुगावा लागला आणि वर्ष सरण्यापूर्वीच त्यांनी आपले पहिले निवेदन सादर केले. हाताच्या हाडांची जी चित्रे त्यांनी मिळविली त्यांना त्यांनी जर्मन भाषेत ‘छायांची चित्रे’ असेच म्हटले. मराठीने ‘छायाचित्र’ हा शब्द साध्या फोटोग्राफला देऊन टाकला आहे. त्या शब्दाचा खरा वाच्यार्थ राँटगेन यांच्या चित्रांतच पुरेपूर उतरतो, हा एक मौजेचा योग म्हणावा लागेल. चमकणाऱ्या पडद्यावर हाड काळेच दिसे, कारण तेथे किरण अडत. त्या किरणांनी काचेच्या पट्टीवर उमटलेल्या मूळ प्रतिमेत मात्र तेच हाड पांढरे उमटते, आणि दंतवैद्य पुढे नेहमी मूळ प्रतिमाच पाहू लागले. वस्तू पांढरी झाली, शब्द ‘छाया’ हाच राहिला. ‘घन’ या विशेषणाचीही अशीच ओढाताण झाली. चित्रावरील डाग दाट आहे, असे म्हणणे हे निरीक्षण होय. जबड्यातील हाड दाट आहे, असे म्हणणे हे अनुमान होय. एकाच विशेषणाने दोन्ही गोष्टी बोलता येत असल्याने निरीक्षणावरून अनुमानाकडे जाताना उंबरठा ओलांडल्याची जाणीवच होत नाही. सपाट पटावर पुढची व मागची वस्तू एकमेकींवर पडते. जिभेच्या बाजूला जबड्यावर असलेला हाडाचा नैसर्गिक उंचवटा उपदाढेच्या मुळावर पांढरा डाग होऊन उमटतो, आणि उपटताना मागे राहिलेला मुळाचा तुकडाही तसाच दिसू शकतो.

दातांचे पहिले चित्र जानेवारी १८९६ मधले. ब्राउनश्वाइग येथील दंतवैद्य ओटो वालखोफ यांनी काचेची पट्टी स्वतःच्या तोंडात धरून पंचवीस मिनिटे निश्चल राहून ते मिळविले. त्याच वर्षी न्यू ऑर्लिन्स येथे एडमंड केल्स यांनी रोग्यांच्या दातांची चित्रे घेण्यास प्रारंभ केला. १९१३ साली कूलिज यांची नवी नळी आल्यावर किरणांची मात्रा हुकमी झाली आणि दहा-पंधरा वर्षांत हे यंत्र अमेरिकेतील दंतवैद्याच्या खोलीतले नेहमीचे साधन बनले. यंत्राचा हा प्रसार आणि एका वैद्यकीय मताचा प्रसार एकाच वेळी व्हावा ही गोष्ट या इतिहासात निर्णायक ठरली.

ते मत ‘स्थानिक पूतिकेंद्रा’चे होय. लंडनचे वैद्य विल्यम हंटर यांनी १९०० पासूनच तोंडातील पू हा दूरदूरच्या रोगांचे मूळ असल्याचे प्रतिपादन चालविले होते. १९१० साली माँट्रिऑलच्या मॅगिल विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानात त्यांनी सोन्याच्या टोप्या व पूल बसवून खालची घाण झाकणाऱ्या दंतवैद्यकावर जहरी टीका केली, आणि पुढील वर्षी ते व्याख्यान छापून आले. शिकागोचे फ्रँक बिलिंग्ज यांनी १९१२ मध्ये सांधेदुखी व मूत्रपिंडाचे विकार यांचा संबंध अशा लपलेल्या केंद्रांशी जोडला. हे मत लोकप्रिय होण्यास एक अडचण होती : केंद्र लपलेले असते. क्ष-किरणचित्राने ती दूर केली. मुळाच्या टोकाशी दिसणारा काळा डाग म्हणजे पू असे समीकरण बसले, आणि गर मेलेले दात सरसकट उपटण्याचा प्रघात पडला. न्यू जर्सीतील ट्रेंटन येथील मनोरुग्णालयाचे अधीक्षक हेन्री कॉटन यांनी तर वेडावर उपाय म्हणून दात, गलग्रंथी आणि मोठ्या आतड्याचे भागसुद्धा काढले. या लाटेला ज्यांनी उघड विरोध केला त्यांत स्वतः केल्स होते. चित्रातल्या छायेवरून दाताला दोषी ठरविण्याच्या या प्रथेचा त्यांनी अतिशय कडक शब्दांत निषेध केला. ज्या किरणांचा त्यांनी प्रसार केला त्यांनीच त्यांचा हात खाऊन टाकला, आणि १९२८ साली असह्य यातनांत त्यांनी आयुष्य संपविले.

काळ्या डागाचा अर्थ असा ठरल्यावर पांढऱ्या डागाचाही अर्थ त्याच चौकटीत लावला जाणे स्वाभाविक होते. जंतू प्रबळ असतील तर हाड विरघळते व चित्र काळे दिसते. जंतू दुबळे आणि शरीर सशक्त असेल तर हाड स्वतःभोवती तट बांधते व चित्र पांढरे दिसते. ‘कंडेन्सिंग ऑस्टायटिस’ या नावात हीच कल्पना आहे. ती निराधार नव्हती, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. तरुण वयात, खालच्या पहिल्या दाढेला खोल कीड लागून तिचा गर सुजलेला वा मेलेला असताना मुळांभोवती हाड खरोखरच दाटते, आणि दाढेवर उपचार केल्यावर शंभरांतील सुमारे पंच्याऐंशी रोग्यांत तो दाटपणा पूर्णतः किंवा अंशतः ओसरतो. चूक झाली ती विस्तारात. जेथे दाढ निरोगी आहे, कीड नाही, गर जिवंत आहे, तेथील डागालाही तेच नाव मिळाले. आणि नाव मिळाल्यावर न दिसणारा जंतूही तेथे असलाच पाहिजे असे वाटू लागले.

या ठिकाणी ‘-आयटिस’ या प्रत्ययाचा पूर्वेतिहास उपयोगी पडतो. ग्रीक भाषेत तो स्त्रीलिंगी विशेषणे साधणारा एक साधा तद्धित प्रत्यय होता. ‘आर्थ्रायटिस’ हे ‘सांध्याचा’ या अर्थाचे विशेषण. त्यापुढे ‘नोसोस’ म्हणजे रोग हा शब्द अध्याहृत असे. सांध्याचा रोग, मूत्रपिंडाचा रोग, एवढेच तो सांगे. रोग कसला, हे सांगत नसे. अठराव्या शतकातील रोगवर्गीकरणकारांच्या हाती या प्रत्ययाला ‘दाह’ हा निश्चित अर्थ चिकटला. मराठी परिभाषेने या प्रत्ययासाठी ‘शोथ’ हा शब्द घेतला तेव्हा आणखी एक थर चढला. संस्कृत ‘शोथ’ हा फुगणे या अर्थाच्या धातूपासून आला असून आयुर्वेदात त्याचा अर्थ सूज असा आहे. म्हणजे मूळ ग्रीक शब्दात ‘हाडाचा रोग’, अर्वाचीन युरोपीय वैद्यकात ‘हाडाचा दाह’, आणि मराठीच्या ‘अस्थिशोथा’त ‘हाडाची सूज’ असा हा प्रवास होतो; आणि ज्या डागासाठी शब्द वापरावयाचा त्याचे मुख्य लक्षण तर हाड बाहेरून मुळीच सुजत नाही हे! परिभाषाकारांना दोष देण्याचे कारण नाही. एकाच प्रत्ययाला सर्वत्र एकच प्रतिशब्द ठेवावा हा नियम योग्यच आहे. पण त्या नियमाने परभाषेतील चुकीचे गृहीतकही आपल्या घरात इमानाने उतरते.

नाव वस्तूच्या आधी जन्मास येऊ शकते याचे उदाहरणही याच शाखेत आहे. स्विस शल्यचिकित्सक कार्ल गारे यांनी १८९३ मध्ये मांडीच्या व नडगीच्या हाडांच्या मज्जाशोथाचे काही विशेष प्रकार वर्णिले. क्ष-किरणांचा शोध त्यानंतर दोन वर्षांनी लागला, त्यामुळे त्यांच्या लेखात क्ष-किरणचित्र असणे शक्यच नव्हते. तरीही १९५० नंतरच्या दशकात जबड्यावरील आवरणाखाली थरावर थर चढल्यासारखे दिसणाऱ्या नव्या हाडाच्या क्ष-किरणचित्राला ‘गारे यांचा मज्जाशोथ’ असे नाव मिळाले आणि ते पाठ्यपुस्तकांत स्थिरावले. गारे यांनी जे पाहिले ते हे नव्हेच, हा युक्तिवाद सविस्तरपणे छापून येण्यास १९८८ साल उजाडावे लागले. एखाद्या ग्रंथकाराच्या नावावर प्रक्षिप्त ओव्या चढाव्यात तसा हा प्रकार असून, मूळ पोथी कोणीतरी उघडून पाहीपर्यंत तो टिकला.

जबड्याबाहेर मात्र याच सुमारास दुसरी, अधिक संयमी नामपरंपरा चालू होती. आल्फ्रेड श्टिडा यांनी १९०५ साली हातापायांच्या हाडांतील सच्छिद्र भागात दिसणाऱ्या घट्ट हाडाच्या लहान ठिपक्यांचे वर्णन करून त्यांना घट्ट हाडाची बेटे म्हटले. बेटाच्या रूपकात कारण नाही. भोवती पाणी आणि मध्ये जमीन, तसे भोवती जाळीदार हाड आणि मध्ये भरीव हाड. एवढेच त्यात आहे. हातापायांची हाडे पाहणाऱ्या क्ष-किरणतज्ज्ञाला दात दिसत नसल्यामुळे जंतूंचा संशय घेण्याचे त्याला निमित्तही नव्हते. दंतवैद्याच्या चित्रात डागाशेजारी नेहमीच एखादा दात असतो, आणि शेजारी असणे हा संशयितावरील मोठाच आरोप ठरतो. श्टिडा यांचे रूपक जबड्यापर्यंत पोहोचण्यास त्यामुळे फार वेळ लागला.

दरम्यान पूतिकेंद्राचे मत ढासळले. रसेल सेसिल हे एके काळी त्या मताचे पुरस्कर्ते; त्यांनीच एका सहकाऱ्यासह १९३८ मध्ये संधिवाताच्या दोनशे रोग्यांचा आढावा घेऊन दात व गलग्रंथी काढल्याने लाभ होत नसल्याचे दाखविले, आणि १९४० मध्ये रायमन व हॅव्हन्स यांनी या सिद्धांताची परखड चिकित्सा प्रसिद्ध केली. मेयो क्लिनिकमधील दंतवैद्य एडवर्ड स्टाफ्ने यांनी १९३४ सालीच खालच्या पुढच्या दातांच्या मुळांशी होणाऱ्या एका विकृतीवर लेख लिहिला होता. तिची पहिली अवस्था चित्रात काळी दिसते, नंतरची पांढरी. आणि दात सर्वकाळ जिवंत असतो. काळा डाग म्हणजे पू या समीकरणाला तो मोठाच धक्का होता. सिद्धांत गेला तरी त्याने घडविलेली नावे मात्र गेली नाहीत. ती १९८० पर्यंत आणि त्यानंतरही निदानपत्रांत वावरत राहिली. १९८४ मध्ये एव्हर्सोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी किडक्या दाताजवळचा डाग आणि निरोगी दाताजवळचा डाग असे दोन वेगळे गट करून दुसऱ्यास ‘फोकल पेरिएपिकल ऑस्टिओपेट्रोसिस’ असे नाव सुचविले. भेद उत्तम होता, नाव दुर्दैवी. ‘ऑस्टिओपेट्रोसिस’ म्हणजे अस्थींचे अश्मीभवन. आल्बर्स-श्योनबर्ग यांनी १९०४ मध्ये हँबर्ग येथे वर्णिलेल्या, साऱ्या सांगाड्याला ग्रासणाऱ्या आनुवंशिक विकाराचे ते नाव असून त्याचा या डागांशी काहीही संबंध नाही.

शेवटी अधिक रूढ झाले ते ‘इडिओपॅथिक ऑस्टिओस्क्लेरोसिस’ हे नाव. १९९० साली गाइस्ट व कॅट्झ यांनी त्याच नावाखाली १,९२१ रोग्यांची चित्रे तपासून ५.४ टक्क्यांमध्ये असे डाग असल्याचे नोंदविले. १९९३ साली मॅक्डोनेल यांनी १०७ रोग्यांचा आढावा घेतला तो ‘डेन्स बोन आयलंड’ या नावाने. श्टिडा यांचे बेट अशा रीतीने अठ्ठ्याऐंशी वर्षांनी जबड्याला लागले. ‘इडिओपॅथिक’चे भाषांतर आज ‘अज्ञातहेतुक’ असे केले जाते आणि व्यवहारात ते योग्य आहे. मूळ शब्दाचा आशय मात्र वेगळा होता. गेलनच्या परंपरेत ‘इडिओपाथेया’ म्हणजे त्या अवयवाचे स्वतःचे, तेथेच उपजलेले दुखणे. दुसऱ्या अवयवाच्या दुखण्यामुळे ओढवलेल्या ‘सिंपाथेया’च्या विरुद्ध तो शब्द योजला जाई. दाताच्या दुखण्यामुळे हाड दाटते की हाड आपले आपणच दाटते, हाच तर या प्रकरणातला खरा प्रश्न होता. गेलनच्या अर्थाने घेतल्यास हे नाव अज्ञानाची कबुली न ठरता एक स्पष्ट उत्तर ठरते : हे हाडाचे स्वतःचे आहे, दाताचा यात दोष नाही. नाव देणाऱ्यांच्या मनात हा अर्थ होता असे मानण्याचे कारण नाही. शब्दाला मात्र तो आठवत असावा.

नावाच्या चुकीची किंमत सर्वांत स्पष्टपणे दिसते ती एका वेगळ्या, अधिक व्यापक विकृतीत. मध्यमवयीन स्त्रियांच्या, विशेषतः कृष्णवर्णीय स्त्रियांच्या आणि काही प्रमाणात आशियाई स्त्रियांच्या जबड्यांत कधी कधी दोन्ही बाजूंना, अनेक दातांच्या मुळांशी, कापसाच्या पुंजक्यांसारख्या घन राशी दिसतात. या चित्रास पूर्वी ‘पसरलेला घनकारी मज्जाशोथ’ असे एक नाव होते आणि ‘महाकाय सिमेंटोमा’ असे दुसरे. पहिले जंतूंवर बोट ठेवी, दुसरे अर्बुदावर. मेलरोझ, एब्रम्स व मिल्स यांनी १९७६ मध्ये चौतीस रोग्यांच्या अभ्यासावरून हा दाहही नव्हे व अर्बुदही नव्हे, हाडाच्या घडणीतील बिघाड आहे, असे मांडून त्यास ‘फ्लोरिड ऑसिअस डिस्प्लेझिया’ म्हटले. आता पहिल्या नावाचा परिणाम पाहण्याजोगा आहे. या घन राशींना रक्तपुरवठा अत्यल्प असतो. त्या झाकलेल्या आहेत तोवर वर्षानुवर्षे शांत असतात. तेथील दात काढला अथवा तपासणीसाठी तुकडा कापला की तोंडातील जंतू आत शिरतात, आणि पोषण नसलेले हाड त्यांना तोंड देऊ शकत नाही. म्हणजे मज्जाशोथ समजून उपाय करावा आणि त्या उपायानेच मज्जाशोथ उत्पन्न व्हावा! अशा वेळी पूर्वीचे निदान बरोबरच होते असेही वाटू शकते. नावाने स्वतःची सत्यता स्वतःच निर्माण करण्याचे याहून क्रूर उदाहरण परिभाषेच्या इतिहासात विरळाच सापडेल. आज अशा स्त्रीच्या बाबतीत नमुना न कापता चित्रावरूनच निदान करावे आणि तिचे दात शक्य तितके टिकवावेत असा दंडक आहे.

या विकृतिवर्गाचे अधिकृत नामकरणही डळमळीतच राहिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७१ च्या वर्गीकरणात, जे कोपनहेगनचे येन्स पिंडबोर्ग आणि लंडनचे आयव्हर क्रेमर यांनी सिद्ध केले, यांना सिमेंटोमांत जागा होती. (पिंडबोर्ग यांचे नाव मुंबईच्या संशोधकांना परके नाही, तोंडातील आवरणाखालील तंतुमयतेवर त्यांनी सत्यवती सिरसाट यांच्यासह लिहिलेला १९६६ चा लेख या विषयातला पायाभूत लेख आहे.) १९९२ च्या आवृत्तीत ‘सिमेंट’ आणि ‘अस्थी’ दोन्ही शब्द नावात आले, २००५ मध्ये ‘सिमेंट’ गळले, २०१७ मध्ये ते परत आले. दाताच्या मुळावरील कवच आणि हाड यांत सूक्ष्मदर्शकाखाली किती फरक करता येतो, या वादाचे हे हेलकावे होत. रोग्याच्या दृष्टीने त्यांत फारसे काही नाही.

मात्र डागांची संख्या रोग्याच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे, आणि ही गोष्ट वरील कोणत्याही नावात नाही. यूटातील आनुवंशिकीतज्ज्ञ एल्डन गार्डनर यांनी १९५१ पासून एका कुटुंबाचा अभ्यास करून मोठ्या आतड्यातील असंख्य मोडांसारख्या गाठी, त्वचेखालील पुटी आणि कवटी-जबड्यावरील अस्थ्यर्बुदे ही एकाच आनुवंशिक विकाराची अंगे असल्याचे दाखविले. या विकारात आतड्याचे मोड कुमारवयापासून येऊ लागतात आणि वेळीच शस्त्रक्रिया न झाल्यास चाळिशीच्या सुमारास कर्करोग जवळजवळ अटळ असतो. हेलसिंकी येथे पाटेरो यांनी विकसित केलेले, दोन्ही जबडे एकाच पटावर दाखविणारे यंत्र १९६० नंतर सर्वत्र पोहोचले. त्याच्या साहाय्याने टोकियोच्या उत्सुनोमिया व नाकामुरा यांनी १९७५ मध्ये अशा रोग्यांचे जबडे तपासले, तेव्हा बहुतेकांच्या हाडात बाहेरून न जाणवणारे घन डाग आढळले. ते डाग पुष्कळदा मोडांच्या आधीच दिसू शकतात. १९९१ साली पाचव्या गुणसूत्रावरील ‘एपीसी’ हे जबाबदार जनुक सापडले. तेव्हापासून या कुटुंबांतील डागांना ‘अज्ञातहेतुक’ म्हणण्यास आधार उरला नाही.

त्यामुळे त्याच पांढऱ्या डागाचे एकवचन आणि अनेकवचन यांत आज अर्थाचे महदंतर पडले आहे. एखादाच डाग, शेजारचा दात जिवंत, तर दंतवैद्य नोंद करतो, काही वर्षांनी घ्यावयाच्या चित्राशी ताडण्यासाठी पट जपून ठेवतो आणि दाताला हात लावीत नाही. तसे तीन-चार किंवा अधिक डाग पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या जबड्यात विखुरलेले दिसले, त्याखेरीज एखादा जास्तीचा दात हाडात अडकलेला दिसला, तर तो दाताविषयी न विचारता घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झाला होता काय असे विचारतो, आणि मुलाला आतड्याच्या तज्ज्ञाकडे पाठवितो.